बावखल आणि बारा लाख

२०११च्या जनगणनेत वसई-विरार महापालिकेच्या हद्दीत १२ लाख २२ हजार ३९० माणसे मोजली गेली. त्याच खेपेला औरंगाबाद महापालिकेची लोकसंख्या पावणेबारा लाख भरली. म्हणजे ज्या शहरात उच्च न्यायालयाचे खंडपीठ आहे, विद्यापीठ आहे, ज्याच्या नावावरून राज्याचे राजकारण वर्षानुवर्षे तापत राहिले, त्यापेक्षा वसई-विरार मोठे. तरीही महाराष्ट्राच्या मनात ते शहर म्हणून उमटत नाही. चिमाजी अप्पांनी घेतलेला किल्ला, पावसाळ्यात पाण्याखाली गेलेले रूळ आणि विरार फास्टमधली रेटारेटी, एवढ्यात आपली वसई आटोपते. पुढची जनगणना २०२१मध्ये व्हायची होती, ती झाली नाही. त्यामुळे आज तिथे नेमकी किती माणसे राहतात याबद्दल जो तो आपल्या सोयीचा आकडा सांगतो. बिल्डरचा वेगळा, आमदाराचा वेगळा, पाणी खात्याचा तर फारच वेगळा.

वसईत या आकड्याच्या आडून एक भांडण चालते, मूळचे कोण आणि उपरे कोण हे. त्या भांडणात मला फारसा रस नाही, कारण या किनाऱ्यावर उपरा नसलेला शोधायला गेलो तर हाती काय लागेल सांगता येत नाही. सोपारा हे प्राचीन शूर्पारक बंदर. बौद्ध ग्रंथांत इथला पूर्ण नावाचा व्यापारी बुद्धाचा शिष्य होतो आणि धर्म घेऊन परत येतो. १८८२मध्ये भगवानलाल इंद्रजींनी तिथला स्तूप उकरला, अशोकाच्या आठव्या शिलालेखाचा तुकडाही त्यांनाच मिळाला. नवव्या लेखाचा तुकडा १९५६मध्ये जवळच्या भुईगावात सापडला. सम्राटाने आपली आज्ञा दगडावर कोरून ठेवावी इतकी माणसे, आणि इतक्या परक्या मुलखांतली माणसे, या बंदरात ये-जा करीत होती. खाडी गाळाने भरत गेली, जहाजे दुसरीकडे वळली, बंदर विझले. आज तो स्तूप नालासोपाऱ्याच्या वस्तीत उभा आहे आणि तिथल्या बहुतेकांच्या रोजच्या वाटेत तो येतच नाही.

१५३४मध्ये गुजरातच्या बहादुरशहाने वसई पोर्तुगीजांना दिली. पुढची दोनशे वर्षे हे त्यांच्या उत्तरेकडच्या मुलखाचे ठाणे होते. या काळात धर्म बदलला, आडनावे बदलली. शेत बदलले नाही, जातही फारशी बदलली नाही. सामवेदी ब्राह्मण ख्रिस्ती झाले ते आजही सामवेदी ख्रिस्ती, कुपारी म्हणून ओळखले जातात, आणि घरात बोलतात ती कादोडी. वाडवळ दोन्ही धर्मांत आहेत, कोळीही. नागासाकीला १५९७मध्ये क्रुसावर दिलेला गोन्सालो गार्सिया इथलाच. भारतात जन्मलेला पहिला संत म्हणून १८६२मध्ये रोमने त्याला मान दिला.

१७३९च्या मे महिन्यात मराठ्यांनी किल्ला घेतला. चर्चमधल्या घंटा देवळांत गेल्या, नाशिकच्या नारोशंकराची घंटा त्यांतलीच. फिरंगी अधिकारी आणि जमीनदार गलबतांत बसून निघून गेले. धर्मांतरित शेतकरी आणि मच्छीमार मात्र गेले नाहीत. जाणार कुठे? त्यांचे पाणी इथे होते. पाळकांनी पुढे याच मातीत मराठी लिहिली, ‘सुवार्ता’सारखे मासिक चालवले. त्याचे संपादक राहिलेले फादर फ्रान्सिस दिब्रिटो २०२०मध्ये उस्मानाबादच्या साहित्य संमेलनाचे अध्यक्ष झाले. तेव्हा एका धर्मगुरूला हा मान कशाला, असे म्हणणारे निघालेच. चारशे-पावणेपाचशे वर्षे ज्या भाषेत ही माणसे भांडली, लग्ने लावली आणि रडली, तिचा दाखला त्यांच्याकडेच मागावा, हे धाडस म्हणावे की अज्ञान?

तर जुन्या वसईला बांधून ठेवणारी गोष्ट वंश नव्हती, धर्मही नव्हता. ती होती गोडे पाणी. वसईचा पश्चिम भाग म्हणजे मुळात बेटच. पश्चिमेला समुद्र, दक्षिणेला वसईची खाडी, उत्तरेला वैतरणा, आणि पूर्वेला आता बुजत आलेली सोपाऱ्याची खाडी. अशा रेताड जमिनीत पावसाचे पाणी मुरते आणि खाली असलेल्या खाऱ्या पाण्यावर तरंगत राहते, कारण ते हलके असते. या तरंगण्याचे एक गणित भूजलशास्त्रात आहे. समुद्रपातळीच्या वर हातभर गोडे पाणी टिकले तर खाली सुमारे चाळीस हात गोड्या पाण्याचा थर असतो. वरची पातळी हातभर उतरली, की खालून खारे पाणी चाळीस हात वर सरकते. हे गणित वसईच्या वाडीवाल्याने पुस्तकात वाचले नव्हते, पण त्याने बावखल राखले होते.

बावखल म्हणजे वाडीतले किंवा गावालगतचे तळे. पावसाळ्यात ते भरते, उन्हाळाभर हळूहळू मुरते आणि आजूबाजूच्या विहिरींचे पाणी गोडे ठेवते. त्यात म्हशी पोहतात, बायका धुणे धुतात, कडेला केळी आणि माड वाढतात. विहिरीवर बैलाचा रहाट असायचा. रहाटाची एक मर्यादा होती, ती म्हणजे बैल. तो दमला की उपसा थांबे. एवढ्या पाण्यावर वसईने केळी पिकवली, आगाशीला राजेळीची सुकेळी केली, पानवेलीचे मळे लावले, भाजी आणि फुले गाडीत घालून दादरच्या बाजारात नेली. डिझेलचा आणि मग विजेचा पंप आला आणि बैलाची मर्यादा संपली. हा बदल वाडीवाल्यांनी स्वतःच आणला, बाहेरच्या कोणी लादला नव्हता. वसईच्या आठवणी लिहिणारे हे सहसा सांगत नाहीत.

आणखी एक गोष्ट ते सांगत नाहीत. हिरव्या वसईच्या पूर्वेला, डोंगराच्या पायथ्याशी, वारली आणि कातकरी कर्जापोटी वेठबिगार म्हणून राबत होते. विवेक आणि विद्युल्लता पंडित यांनी १९८२मध्ये श्रमजीवी संघटना उभी केली ती याच तालुक्यात, याच कामासाठी. लग्नाला घेतलेल्या शेदोनशे रुपयांत माणूस वर्षानुवर्षे अडकत होता, तोही मुंबईपासून लोकलच्या अंतरावर. तेव्हा पूर्वीची वसई किती सुंदर होती हे ऐकताना, कोणासाठी, एवढे विचारायला हरकत नसावी.

मुंबईची माणसे इथे कधी आली? सोपे उत्तर रेल्वेचे. पण विरारहून मुंबईच्या बॅकबेला पहिली लोकल सुटली ती १२ एप्रिल १८६७ रोजी. त्यानंतरची शंभर वर्षे वसई गावच राहिली. गाडी होती, गाडीतून दूध-भाजी जात होती, माणसे राहायला येत नव्हती. नुसत्या रुळांनी उपनगर होत नाही. त्याला माणसाला शहराबाहेर ढकलणारे कारण लागते आणि पलीकडे जमीन मोकळी करणारी सही लागते. ढकलणारी कारणे ऐंशीच्या दशकात एकदम जमली. १९८२चा गिरणी संप, गिरणगावातल्या खोल्यांची विक्री, मुंबईतल्या घरांचे आवाक्याबाहेर गेलेले भाव. कोकणातून लालबाग-परळला आलेले कुटुंब दुसऱ्या पिढीत नालासोपाऱ्याला गेले. त्याच गाडीने उत्तर प्रदेश, बिहार, गुजरात, राजस्थानची माणसे आली. सहीही झाली. दशकाच्या अखेरीस सरकारने वसईच्या शेतीपट्ट्यातली मोठी जमीन बांधकामाला खुली केली आणि १९९०मध्ये सिडकोला या भागाचे नियोजन प्राधिकरण नेमले.

नियोजन येईपर्यंत पाणी निघून चालले होते. विहिरींवर टँकर लागले. दिवसरात्र उपसा होई, पाणी बांधकामांना आणि मुंबईच्या दिशेला जाई, आणि किनाऱ्यालगतच्या विहिरी खाऱ्या होऊ लागल्या. हरित वसई संरक्षण समिती उभी राहिली ती या प्रश्नावर. फादर दिब्रिटो पुढे होते. मोर्चांत लाल लुगड्यातल्या कुपारी बायका होत्या, वाडवळ होते, कोळी होते, हिंदू आणि ख्रिस्ती दोन्ही होते. टँकर लॉबी आणि तिच्यामागचे राजकारण यांच्याविरुद्ध बोलायला तेव्हा छाती लागत होती. माझ्या मते स्वातंत्र्यानंतरच्या महाराष्ट्रातले ते अत्यंत शहाणे आंदोलन होते. आमची संस्कृती, आमची अस्मिता असे काही त्यात मध्यवर्ती नव्हते. आमच्या विहिरीतून एवढे पाणी निघते आणि एवढेच आत जाते, हा हिशेब होता. आज वसईच्या पश्चिमेला गास, निर्मळ, भुईगावकडे जो हिरवा पट्टा उरला आहे, तो या हिशेबामुळे.

पण उरला आहे तोही पुरता नाही. २००९च्या जुलैत विरार, नालासोपारा, वसई आणि नवघर-माणिकपूर या चार नगरपरिषदा आणि भोवतीची गावे एकत्र करून महापालिका झाली. २९ गावांनी आम्हाला त्यातून वगळा म्हणून उठाव केला आणि तो वाद कोर्टकचेऱ्यांत वर्षानुवर्षे फिरत राहिला. गावे वगळल्याने काय साधणार होते हे मला कधी नीट पटले नाही. पाण्याचा थर हद्द पाळत नाही. आणि बावखले बुजवली गेली ती काही फक्त परप्रांतीय बिल्डरांनी नाही. मुलाचे शिक्षण, भावाभावांतली वाटणी, आखातातून आलेला पैसा, शेतीला न मिळणारा मजूर, अशा ओळखीच्या कारणांनी जमिनी विकल्या गेल्या, आणि खरेदीखतावरच्या सह्या बहुतेक जुन्याच आडनावांच्या होत्या.

जुलै २०१८मध्ये आठवडाभराच्या पावसाने वसई-विरार बुडाले. गाड्या बंद, वीज बंद, मिठागरांत शेकडो लोक अडकलेले. तेव्हा बातम्यांत उपरे आणि मूळचे दोघेही छपरावर सारखेच दिसत होते. पाणी मुरायच्या आणि वाहून जायच्या जागा भरल्या की ते घरात येते, यात अनपेक्षित काही नव्हते. या सुमारासच नालासोपारा पूर्वेला सांडपाणी प्रकल्प आणि कचराभूमीसाठी राखून ठेवलेल्या जागेवर ४१ बेकायदा इमारती भरलेल्या होत्या. न्यायालयाच्या आदेशाने त्या पाडल्या गेल्या, काम २०२५च्या सुरुवातीला आटोपले. कर्ज काढून, दागिने मोडून खोली घेतलेली हजारो माणसे रस्त्यावर आली. शहराचा मैला जिथे शुद्ध व्हायचा, तिथे शहराने माणसे ठेवली होती. दोष त्या माणसांचा नव्हता. स्वस्त घर कायदेशीर असूच नये अशी व्यवस्था ज्यांनी चालवली ते कोणी रस्त्यावर आले नाहीत.

आता बारा लाखांना, किंवा आज जे काही असतील तितक्यांना, पाणी कुठून मिळते? विहिरीतून नाही. पेल्हार आणि उसगावची धरणे छोटी. मोठे पाणी येते उत्तरेकडून, डहाणू-विक्रमगडच्या सूर्या नदीचे. एमएमआरडीएची नवी योजना दिवसाला ४०३ दशलक्ष लिटरची आहे, त्यातले १८५ वसई-विरारला आणि २१८ मिरा-भाईंदरला. सूर्या प्रकल्प आखला गेला होता डहाणू, विक्रमगड, पालघरच्या शेतीसाठी. त्यासाठी आदिवासींची गावे उठली, आणि कालव्याचे पाणी शेवटच्या शेतापर्यंत पोचायच्या आतच शहराकडे वळवण्याचे आराखडे झाले. तिथल्या शेतकऱ्यांनी पाणी बचावची आंदोलने केली. त्यांची मांडणी वाचताना मला चमत्कारिक वाटले, कारण ती आधी ऐकलेली होती. आमच्या नदीतून एवढे निघते, आमच्या शेतात एवढेच येते. उरते त्यात आम्ही उन्हाळी पीक कसे घ्यायचे? तोच हिशेब, फक्त या वेळी टँकरच्या जागी जलवाहिनी होती आणि तिच्या दुसऱ्या टोकाला वसई.

मी असे म्हणत नाही की नळ बंद करा. नालासोपाऱ्याच्या चौथ्या मजल्यावर पहाटे हंडे भरणाऱ्या बाईने डहाणूचे कर्ज एकटीने फेडावे, हे बोलणे निर्लज्जपणाचे होईल. पण सूर्येचे पाणी येते, वापरले जाते, आणि त्यातले बरेचसे शुद्ध न होताच नाल्यांवाटे खाडीत जाते; तिथे नायगाव आणि पाचूबंदरचे कोळी जाळी टाकतात. नदीचे टोक आदिवासींकडे, नाल्याचे टोक कोळ्यांकडे, आणि मधल्या वापराचा हिशेब महापालिकेकडे. वापरलेले पाणी शुद्ध करून बांधकामांना आणि बागांना दिले, उरलेली बावखले ताब्यात घेऊन राखली, तर उत्तरेकडून किती कमी मागावे लागेल, हा साध्या बेरीज-वजाबाकीचा प्रश्न आहे आणि टँकरविरुद्ध मोर्चे काढणाऱ्या १९८९च्या वसईला तो घालता आला असता. आजच्या वसईच्या निवडणुकीत मी तो कोणाच्या भाषणात ऐकलेला नाही. तिथे अजून सूर्येचे पाणी कोणी आणले, यावरच पक्षांचे भांडण चालू आहे.