पॉलिश केलेलं रिव्हॉल्व्हर

मागच्या फेब्रुवारीत माझ्या घरमालकांनी विचारलं, "शनिवारी मोकळा आहेस का? एक जुनं रिव्हॉल्व्हर बघायला जायचंय. माझे डोळे आता पूर्वीसारखे राहिले नाहीत."

मी पिट्सबर्गमध्ये राहतो आणि पोटासाठी कोड लिहितो. खाली घरमालक, वरच्या मजल्यावर मी. त्यांचं वय अठ्ठ्याहत्तर. मी त्यांना नावानेच हाक मारतो, तिकडची पद्धतच तशी. पण मराठीत लिहायला बसलो की आपोआप 'आजोबा' येतं, म्हणून तेच राहू दे. त्यांनी आयुष्यभर लेथवर काम केलं. माझे बाबा कोल्हापूरच्या उद्यमनगरात लेथ चालवतात, हे कळल्यावर आमची पहिल्याच आठवड्यात गट्टी जमली. नोव्हेंबरमध्ये आजी गेल्या. जानेवारीत आजोबांनी त्यांचा चाळीस वर्षं वापरलेला मायक्रोमीटर मला देऊन टाकला. मी खूश होऊन बाबांना फोटो पाठवला. बाबांचं एका ओळीचं उत्तर आलं : कारागीर माणूस मायक्रोमीटर कुणाला देत नसतो. मला वाटलं, बाबांना थोडा हेवा वाटला असेल.

तर शनिवारी आम्ही दुकानात गेलो.

आधी एक गोष्ट सांगतो. मी एच-वन-बी व्हिसावर आहे. शिकारीच्या परवान्यासारखे मोजके अपवाद सोडले, तर अशा व्हिसावरच्या माणसाला अमेरिकेत बंदूक बाळगता येत नाही. नुसतं हातात घेतलं तर ते 'बाळगणं' होतं की नाही, या वादात मला पडायचं नव्हतं. त्यामुळे त्या पूर्ण तासात मी एका हातात मोबाइलचा टॉर्च धरून आणि दुसरा हात खिशात घालून उभा होतो. माझं काम फक्त बघण्याचं आणि दिसेल ते सांगण्याचं.

रिव्हॉल्व्हर होतं स्मिथ अँड वेसनचं मॉडेल टेन. हे डिझाइन १८९९ सालचं. 'मॉडेल टेन' हे नाव त्याला १९५७ मध्ये मिळालं. अशी साठ लाखांच्या आसपास बनली. अमेरिकेतल्या कितीतरी पोलिसांच्या कमरेला अनेक दशकं हेच असायचं. आजोबांचे वडील एका छोट्या गावात पोलीस होते, त्यांच्याकडेही हेच होतं. ते पुढे कुठे गेलं कुणालाच माहीत नाही, म्हणून आजोबांना तसंच एक हवं होतं. किंमत ४२५ डॉलर.

लांबून ते नवंकोरं दिसत होतं. लोखंडावरचा निळसर काळा थर, ज्याला ब्लूइंग म्हणतात, आरशासारखा चमकत होता. आजोबा म्हणाले, "नीट बघ. कडा धारदार आहेत का गोल झाल्यात?" गोल झाल्या होत्या. "स्क्रूच्या भोकांभोवती खळगा पडलाय का?" पडला होता, वाटीसारखा. "कंपनीचं नाव कसं दिसतंय?" पुसट, रबराने अर्धवट खोडल्यासारखं. "घोडा आणि चाप कुठल्या रंगाचे आहेत?" तेही काळेच. कारखान्यातून निघताना त्यांच्यावर तपकिरी-करड्या रंगांचे ढग असतात. तेही काळे झाले असतील, तर कुणीतरी सगळंच एकदम रंगात बुडवलंय.

थोडक्यात, वस्तू जुनी, झिजलेली, आणि वरून नवा हात मारलेली.

आपल्याकडे सेकंडहँड गाडी घेताना हेच करतात. बाबांनी पहिली मारुती घेतली तेव्हा माहितगार मित्राला सोबत नेलं होतं. त्याने दाराच्या रबराखाली बोट घालून बघितलं आणि तिथेच म्हणाला, "डेंटिंग-पेंटिंग झालंय, अॅक्सिडेंटची आहे." मालक सकाळपासून गाडीचं कौतुक करत होता, तो एकदम गप्प झाला. गाडी तिथेच सोडून आम्ही परत आलो. खराब गाडीपेक्षा त्या गप्प बसलेल्या माणसाचा मला जास्त राग आला होता.

पण पॉलिश करणं म्हणजे खोटं बोलणं का? गंजलेलं लोखंड घासून त्यावर नवा थर चढवला तर त्यात वाईट काय आहे? देव्हाऱ्यातली पितळेची समई आपण दर सणाला घासतोच की.

या प्रश्नावर दोन हजार वर्षांपूर्वी भांडून झालेलं आहे. इसवी सनापूर्वी ४४ साली सिसेरोने कर्तव्यांवर एक पुस्तक लिहिलं. त्यात तो दोन जुन्या स्टोइक तत्त्वज्ञांचा वाद मांडतो. एक माणूस घर विकतोय. घरात दोष आहेत, ते फक्त त्यालाच माहीत आहेत. ते त्याने सांगायला हवेत का? डायोजिनीस (हा बॅबिलॉनचा, पिंपात राहणारा नव्हे) म्हणतो, कायदा सांगायला लावतो तेवढं सांगावं, बाकी घेणाऱ्याने डोळे उघडे ठेवावेत. गप्प राहणं म्हणजे लपवणं नव्हे. त्याचा शिष्य अँटिपेटर म्हणतो, आपल्याला माहीत असलेला दोष घेणाऱ्याला कळू न देणं ही फसवणूकच. सिसेरो शिष्याची बाजू घेतो. त्याचं म्हणणं असं की, माहीत असलेली प्रत्येक गोष्ट सांगत सुटायची गरज नाही. पण समोरच्याला जे कळल्याने फरक पडेल, ते आपल्या फायद्यासाठी त्याला कळू न देणं, हे लपवणंच आहे.

मला हे पटतं. म्हणूनच या कंपनीची एक पद्धत मला आवडते. रिव्हॉल्व्हर कारखान्यातच परत पाठवून दुरुस्त करून घेतलं, तर मुठीच्या तळाशी एक छोटा तारा ठोकत असत. म्हणजे पॉलिशही केलं आणि केल्याची कबुलीही दिली. आमच्या धंद्यात कोड बदलला की कोणी, कधी, का बदलला याची नोंद राहते. बदल करणं हा गुन्हा नाही, पण नोंद पुसणाऱ्याकडे सगळी टीम संशयाने बघते. कायद्यानेही बंदुकीवरची एक गोष्ट अशीच राखून ठेवलीय. बाकी सगळं घासा, पण अनुक्रमांक पुसायचा नाही, तो पुसणं हा संघीय गुन्हा आहे.

या रिव्हॉल्व्हरवर तारा नव्हता. आजोबांनी दुकानदाराला सरळ विचारलं, "हे कोणी केलं?" तो लगेच म्हणाला, "ज्याने विकलं त्याने घरीच केलंय. खाली गंजाचे खड्डे होते. म्हणून तर ४२५. मूळ रूपात असतं तर जास्त मागितले असते." संग्राहक अशा वस्तूला हात लावत नाहीत, तिची किंमत घसरते. म्हणजे विचारल्यावर तो खरं बोलला, पण विचारेपर्यंत गप्प होता. डायोजिनीसचा माणूस.

मग आजोबांनी यंत्र तपासलं. ते रिकामं असल्याची दोनदा खात्री केली आणि घोडा अंगठ्याने हळूहळू मागे ओढला. तो पूर्ण मागे येण्याआधी सिलिंडर आपल्या जागी अडकायला हवा. सहाही घरांना अडकला. चाप दाबून धरून सिलिंडर हलवून पाहिला, किंचित हलला, चालण्यासारखं. सिलिंडर आणि नळी यांच्यामधल्या फटीत पातळ पट्ट्या सरकवून बघितल्या, इंचाचे सहा हजारांश. चारपासून आठपर्यंत ठीक मानतात. नळीत मी टॉर्च मारला, आटे स्वच्छ होते. वरून खोटं वाटणारं ते आतून प्रामाणिक निघालं.

"मग? घ्यावं का?" आजोबांनी मला विचारलं.

काउंटरवर तोपर्यंत फॉर्म येऊन पडला होता. अधिकृत दुकानातून बंदूक घेताना तो भरावाच लागतो. तुमच्यावर गुन्हा आहे का, तुम्ही अमली पदार्थ घेता का, ही बंदूक स्वतःसाठीच घेताय का. दुसऱ्याच्या वतीने घेणं बेकायदा. मग नाव तपासायला पाठवतात आणि बहुतेकदा काही मिनिटांत होकार येतो. मी उलट्या बाजूने तो फॉर्म वाचत होतो. वस्तूची तपासणी आम्ही तासभर केली होती. माणसाची तपासणी एका कागदात उरकणार होती, आणि तो कसा आहे हे त्या कागदावर कोणी विचारलेलं नव्हतं.

२००९ मध्ये न्यू हॅम्पशायर राज्यात आठवड्याभराच्या आत तीन माणसांनी एकाच दुकानातून बंदुका घेतल्या. तिघांचा एकमेकांशी काही संबंध नव्हता. घेतल्यानंतर काही तासांतच तिघांनीही आत्महत्या केली. त्यानंतर तिथल्या दुकानदारांनी आणि आरोग्य क्षेत्रातल्या लोकांनी एकत्र येऊन गिऱ्हाइकाकडे कसं बघावं, कधी नाही म्हणावं, याचा उपक्रम सुरू केला. अमेरिकेतल्या बंदुकीच्या मृत्यूंची बातमी होते ती गोळीबारांमुळे, पण त्यातले निम्म्याहून जास्त मृत्यू आत्महत्येचे असतात. २०२१ मध्ये अठ्ठेचाळीस हजारांहून अधिक मृत्यूंपैकी सव्वीस हजारांहून अधिक. हे सगळं मी कधीतरी वाचलं होतं. त्या क्षणी ते आठवलं, आणि त्याच्या मागोमाग मायक्रोमीटर आठवला.

कारागीर माणूस मायक्रोमीटर कुणाला देत नसतो. बाबांना हेवा वाटला नव्हता. मलाच कळलं नव्हतं.

आजोबा रोज दाढी करत होते. दारातला बर्फ वेळेवर काढत होते. "कसे आहात?" विचारलं की "मस्त" म्हणत होते. कुठेही गंज दिसत नव्हता. आणि कडा गोल झाल्यात हे दिसूनही मी तीन महिने गप्प होतो. त्यांच्या खाजगी गोष्टीत मी कशाला पडू, मी भाडेकरू, परका, त्यात वयाने लहान. विचारलं असतं तर सांगितलं असतं, त्यांनी विचारलंच नाही. म्हणजे त्या दुकानात डायोजिनीसचा माणूस एकटा दुकानदार नव्हता. फरक एवढाच की, मला गप्प राहण्याचे पैसे मिळत नव्हते. माझा फायदा दुसराच होता : मला अवघडल्यासारखं होत नव्हतं.

मी म्हणालो, "रिव्हॉल्व्हर ठीक आहे. जरा बाहेर येता का?"

पार्किंगमध्ये कडाक्याची थंडी होती. मी विचारलं, "तुम्ही स्वतःला संपवायचा विचार करताय का?" असंच विचारलं. आडवळणाने विचारायला माझ्याकडे तेवढं चांगलं इंग्रजी नाही, आणि तेव्हा तरी बरं झालं नाही ते. असं विचारल्याने समोरच्याच्या डोक्यात नसलेला विचार शिरतो, ही भीती खोटी आहे, हे या विषयातले जाणकार पुन्हा पुन्हा सांगतात.

ते बराच वेळ गाडीच्या काचेवरचा बर्फ नखाने खरवडत राहिले. मग म्हणाले, "आज नाही. पण गेल्या महिन्यात, हो." आणखी थोड्या वेळाने म्हणाले, "वडिलांसारखं हवं होतं हेही खरंच आहे. दोन्ही खरं आहे."

आम्ही आत गेलो नाही. दुसऱ्या दिवशी त्यांच्या मुलीला आम्ही दोघांनी मिळून फोन केला. नंतर डॉक्टर, औषधं, दर बुधवारी चर्चच्या तळघरात जोडीदार गमावलेल्यांची बैठक. मी काही त्यांना वाचवलं वगैरे नाही. त्या दिवशी मी विचारलं नसतं, तर ते घरी येऊन रिव्हॉल्व्हर कपाटात ठेवून झोपलेही असते. ते मला कधीच कळणार नाही. माझा मुद्दा तेवढाच आहे : जे कळणार नसतं, ते विचारावं लागतं.

पॉलिश वाईट नाही, असंच मला अजूनही वाटतं. रोज दाढी करणं, "मस्त" म्हणणं, हा दिवस ढकलण्याचा एक मार्ग असतो, त्यावरून कुणाला खोटारडं म्हणू नये. पण झिजलेल्या माणसावर तारा ठोकलेला नसतो. तो शोधणं बघणाऱ्याचं काम असतं, आणि दिसल्यावर गप्प न बसणंही.

मे महिन्यात मी त्यांना सांगितलं, ते रिव्हॉल्व्हर विकलं गेलं, दुकानाच्या साइटवर आता दिसत नाही. ते हसले. "साठ लाख बनवलीत. मिळेल कधीतरी." मग म्हणाले, "माझा मायक्रोमीटर तेवढा परत दे. गेटची बिजागरी घासलीय, नवी पिन बनवायचीय."

मी धावत वर गेलो आणि घेऊन आलो.