चारच का?

बस इथे. केसपेपर उघड. काय खरडलंयस? ‘मतिमंद, चिडचिड, डोकं आपटतो.’ खाली झोपेची गोळी. सुटलास?

चौतीस वर्षांचा माणूस आहे तो. रोज चार वाजता फाटकापाशी जाऊन डोकं आपटतो, हे आई तुला तीनदा सांगत होती. चारच का, हे विचारलंस? वाळूजहून कंपनीची बस चारला सिडकोत यायची. त्याचे वडील उतरायचे. आठ महिन्यांपूर्वी ते गेले. मयतीच्या दिवशी याला पैठणला मावशीकडे धाडलं. ‘त्याला काय कळतंय!’ हे मला कुणी सांगितलं? त्याच आईनं. पाच मिनिटांत.

म्हणे, वेळ नव्हता सर. चहाला होता? म्हणे, तो बोलत नाही. मग फाटकापाशी करतो ते काय? जेवण टाकणं, अंथरूण ओलं करणं, एखाद्याला पाहून कोपरा धरणं, आघात असाच बोलतो. तुला शब्दच हवेत. ते त्याच्यापाशी नाहीत. शिकलेला कोण, तो की तू?

लक्षणं तीच, पण बुद्ध्यांक कमी म्हटलं की तज्ज्ञांनाही मनाचा आजार दिसेनासा होतो, हे स्टीव्हन रीस आणि सहकाऱ्यांनी १९८२ सालीच दाखवलं. परीक्षेत हे तू झकास लिहिलं होतंस. म्हणून तर तळपायाची आग मस्तकात जाते! अडाण्याला समजावलं असतं.

१९९४ मध्ये पुण्यात ससूनला शिरूरच्या सरकारी वसतिगृहातल्या मतिमंद मुलींची गर्भाशयं काढली. कारण काय, तर पाळीची स्वच्छता त्यांना जमत नाही. सुरी धरणारेही शिकलेलेच होते. कोर्टसुद्धा सुधारलं रे. २०१३ पासून अत्याचार झालेल्या अशा बाईचा जबाब घेताना दंडाधिकाऱ्याला दुभाषा नाहीतर विशेष शिक्षक सोबत घ्यावा लागतो, चित्रीकरण करावं लागतं. तू कागदावरून मान तरी वर केलीस?

उद्या मायलेकांना बोलाव. वडिलांचा डबा, कंपनीचा शर्ट आणायला सांग. आणि सरळ सांगायचं: बाबा मेले, आता येणार नाहीत. ‘देवाघरी गेले’ म्हणशील तर देवळापाशी जाऊन बसेल. एकदा सांगून भागणार नाही, पुन्हा पुन्हा सांगावं लागेल. गोळीचं नंतर बघू.

आज चार वाजता मात्र तू सिडकोत, त्या फाटकापाशी. घड्याळ आहे ना हातात?