गाण्यातला ‘मी’ कोणाचा?

१९९१ साली ‘न्यू जॅक सिटी’ या चित्रपटात आइस-टी या रॅपरने पोलिसाची भूमिका केली. त्याला कोणी पोलीस समजले नाही. पुढच्याच वर्षी ‘कॉप किलर’ या गाण्यात तो पोलिसाला मारायला निघालेल्या माणसाच्या तोंडून बोलला, तेव्हा मात्र त्या माणसाचा राग थेट गायकाच्या नावावर जमा झाला.

काळही तसाच होता. लॉस एंजेलिसमध्ये रॉडनी किंग या कृष्णवर्णीय माणसाला पोलिसांनी केलेली मारहाण साऱ्या देशाने टीव्हीवर पाहिली होती. एप्रिल १९९२ मध्ये त्या पोलिसांना ज्यूरीने दोषी धरले नाही आणि शहर पेटले. पन्नासहून अधिक माणसे मेली. गाणे त्याआधीच बाजारात आले होते. टेक्सासमधल्या पोलीस संघटनेने टाइम वॉर्नर कंपनीवर बहिष्कार पुकारला, राष्ट्राध्यक्ष बुश यांनी निषेध केला. भागधारकांच्या सभेत चार्ल्टन हेस्टन या अभिनेत्याने त्यातले शब्द वाचून दाखवले. जुलैअखेर आइस-टीने स्वतःच गाणे मागे घेतले. सरकारने बंदी घातली नव्हती, तशी गरजही पडली नाही.

गंमत अशी, की ते रॅप नव्हतेच. ‘बॉडी काउंट’ हा त्याचा हेवी मेटल बँड, आणि गाणेही त्याच धाटणीचे. तरी वाद रॅपच्याच नावाने झाला. उलट एरिक क्लॅप्टन या रॉक गायकाने बॉब मार्लीचे ‘आय शॉट द शेरिफ’ गायले, तेव्हा ते १९७४ साली अमेरिकेत पहिल्या क्रमांकावर गेले. जॉनी कॅश या कंट्री गायकाने तुरुंगातल्या कैद्यांसमोर खुन्याच्या तोंडचे गाणे म्हटले आणि तो दंतकथा झाला. मानसशास्त्राच्या अभ्यासक कॅरी फ्राइड यांनी १९९०च्या दशकात एका जुन्या लोकगीताचे हिंसक शब्द लोकांना वाचायला दिले. काहींना ते ‘कंट्री’ गाणे म्हणून सांगितले, काहींना रॅप म्हणून. शब्द तेच, पण रॅप म्हणून वाचणाऱ्यांना ते जास्त धोकादायक वाटले. मुखवटा घालायची मुभा सगळ्यांना सारखी मिळत नाही, एवढे यातून दिसते.

पण रॅपरांची बाजूही तितकी निरागस नाही. ‘मी हे जगलोय’ हेच तर त्यांच्या बाजारातले मोठे भांडवल. आइस-टीनेही लॉस एंजेलिसमधल्या गुन्हेगारी दिवसांचा अनुभव गाण्यांतून मांडला, त्यावर नाव कमावले. अनुभव खरा म्हणून विकायचा आणि अंगाशी आले की ती कल्पना होती म्हणायचे, हे श्रोत्याला खटकले तर नवल नाही. पोलिसाच्या घरच्यांना ते गाणे ऐकून काय वाटले असेल, हा प्रश्नही कलास्वातंत्र्याच्या एका वाक्याने मिटत नाही. गाणे न घेणे, निषेध करणे हा त्यांचा हक्कच आहे. आइस-टीचे पुढे फार बिघडले नाही. २००० सालापासून तो एका टीव्ही मालिकेत पोलीस डिटेक्टिव्हच रंगवतो आहे.

खरी जोखीम आहे ती हा संशय न्यायालयात शिरतो तेव्हा. अटलांटाचा रॅपर यंग थग याच्यावर २०२२ मध्ये टोळीच्या गुन्हेगारीचा खटला भरला गेला आणि त्याच्या गाण्यांतल्या काही ओळी सरकार पक्षाने पुराव्यात आणल्या. न्यायाधीशांनी त्या ओळींना सशर्त परवानगी दिली. पुढे २०२४ मध्ये काही आरोप मान्य करून तो परिवीक्षेवर सुटला. तिथे दोष किती आणि गाणे किती, हे बाहेरच्याने ठरवू नये. पण निकष हवा, आणि तो कॅलिफोर्नियाने २०२२ च्या कायद्यात बराचसा दिला आहे. गाणे गुन्ह्याच्या आसपासच्या काळातले आहे का, त्याचे गुन्ह्याशी नेमके साम्य आहे का, जाहीर न झालेला काही तपशील त्यात आहे का, हे न्यायाधीशाने पाहायचे. शिवाय अशा पुराव्याने वांशिक पूर्वग्रह तर जागा होत नाही ना, याचाही विचार करायचा. घटनेतला बारकावा गाण्यात सापडला, तर ते खुशाल पुरावा ठरो. नुसता राग सापडला, तर तो कितीही कडवट असला तरी त्यावरून कोणाला तुरुंगात धाडता येऊ नये.