किती जड झाल्यावर थांबायचं?

रोहिणी गोडबोले मूळच्या पुण्याच्या. १९९५ पासून बेंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेत त्यांनी मूलकणांवर काम केलं. ऑक्टोबर २०२४ मध्ये त्या गेल्या. त्यांच्याच विषयात पीएच.डी. करायची म्हटल्यावर विमानाच्या कारखान्यात इंजिनिअर असलेल्या माझ्या आत्याने वाद काढला.

आत्या : प्रत्येक ज्ञात मूलकणाला एक जोडीदार कण असतो असं मानणाऱ्या सुपरसिमेट्रीवर त्यांनी सहलेखकांबरोबर जाडजूड पुस्तक लिहिलं. त्यातला एक तरी कण सापडला?

मी : नाही. पण हिग्ज कणही १९६४ मध्ये कागदावर आला आणि दिसला २०१२ मध्ये.

आत्या : हिग्जचं सांगू नकोस. तो एका वजनापलीकडे असता तर गणितच कोलमडलं असतं. तिथवर शोधायचं, नसला तर सिद्धांत चुकला. तुझ्या कणांची अशी हद्द सांग.

मी : हिग्ज इतका हलका का, याचं उत्तर द्यायला ते हवेत. फार जड निघाले तर उत्तर ओढूनताणून बसवावं लागतं.

आत्या : पण सिद्धांत मोडत नाही! एलएचसी या कण आदळवणाऱ्या महायंत्रात दिसले नाहीत, तर आणखी जड असतील म्हणायचं आणि मोठं यंत्र मागायचं. आमच्याकडे पंखातला तडा किती बारीक असेपर्यंत शोधायचा, हे तपासणीआधी लिहिलेलं असतं.

मी : मग नसणं कळण्याला किंमतच नाही? कोलारच्या सोन्याच्या खाणीत प्रोटॉन फुटतो का, ते वर्षानुवर्षं पाहिलंच ना?

आत्या : अशा प्रयोगांनी प्रोटॉन फुटतो म्हणणारा सर्वांत साधा सिद्धांत बाद केला.

मी : साधी रूपं इथेही बाद झालीत.

आत्या : आणि माणसं अवघड रूपांकडे सरकली.

मी : बरं, सुपरसिमेट्री बाजूला ठेव. १९९१ मध्ये गोडबोले आणि त्यांचे सहकारी मानुएल ड्रेस यांनी दाखवलं, की इलेक्ट्रॉन-पॉझिट्रॉनचे दाट झोत समोरासमोर आले की त्यांतून निघणारा प्रकाश प्रकाशावरच आदळतो आणि नको असलेल्या कणांचा कचरा उडतो. हवा तो कण त्यात हरवू शकतो. सुपरसिमेट्री खोटी ठरली तरी हा हिशेब खरा राहील.

आत्या : ज्या महायंत्रांसाठी तो केला, त्यांतलं एकही अजून उभं नाही.

मी : उभं करायचं झालं तर तो धरावाच लागेल.

आत्या : मग हिशेब करायला जा, भक्ती करायला नको. आणि कुठल्या आकड्याला थांबशील, ते आधी वहीत लिही.

मी : तो आकडा माझ्या वयाकडे बघून लिहिला जाईल, निसर्गाकडे बघून नाही. उत्तर पुढच्याच पायरीवर असलं तर?

आत्या : तर ते तुझ्या विद्यार्थिनीला सापडेल. पण तू कुठे थांबलीस आणि का, हे तिला कळायला नको?