ठेव आणि माल

कर्करोगावरील लस म्हटले की आपल्याला देवीची किंवा पोलिओची लस आठवते. ती रोग होण्यापूर्वी टोचायची आणि सर्वांना सारखीच. अमेरिकेत सध्या जिच्या चाचण्या चालू आहेत ती लस या दोन्ही बाबतींत निराळी आहे. ती रोग झाल्यावर द्यायची असते आणि ती एकाच माणसासाठी बनते. शस्त्रक्रियेने काढलेल्या गाठीची तपासणी करून, निरोगी पेशींत नसलेले पण त्या गाठीत असलेले बदल शोधले जातात. त्यांतील निवडक बदलांची ओळख एमआरएनएच्या द्वारे शरीराच्या संरक्षक पेशींना करून दिली जाते. मॉडर्ना आणि मर्क या कंपन्यांच्या लशीत असे जास्तीत जास्त ३४ बदल असतात. ही कुपी शेजारच्या खाटेवरील रुग्णाला निरुपयोगी असते.

मेलानोमा हा त्वचेचा घातक कर्करोग. शस्त्रक्रियेनंतर तो उलटण्याचा धोका मोठा असलेल्या १५७ रुग्णांवर या लशीची चाचणी झाली. काहींना केवळ पेम्ब्रोलिझुमॅब हे औषध दिले, इतरांना त्याच्या जोडीला लस. रोग उलटण्याचा किंवा मृत्यूचा धोका लस घेणाऱ्यांत ४४ टक्क्यांनी कमी दिसला, असे डिसेंबर २०२२ मध्ये जाहीर झाले. चाचणी लहान होती, म्हणून उतावीळ होऊ नये. २०२३ साली अधिक मोठी, तिसऱ्या टप्प्याची चाचणी सुरू झाली. तिने हेच दाखवले, तर पुढचा प्रश्न लगेच उभा राहील. तीन तीन आठवड्यांच्या अंतराने नऊपर्यंत मात्रा घ्यायच्या, त्या रुग्णाने कोठे घ्यायच्या?

आपल्याकडे औषधाच्या दुकानात लस टोचून घेण्याची रीत नाही, म्हणून हा प्रश्न आपल्या वाचकांना विचित्र वाटेल. अमेरिकेत मात्र औषधविक्रेता फ्लूची लस टोचतो, आणि २०२१ साली कोविडच्या असंख्य मात्रा अशा दुकानांतूनच दिल्या गेल्या. त्या देशातील दहांपैकी जवळजवळ नऊ माणसे एखाद्या औषधाच्या दुकानापासून आठ किलोमीटरांच्या आत राहतात. कर्करोगाचे मोठे रुग्णालय मात्र कित्येकांना शेकडो किलोमीटर दूर असते. पहाटेची लोकल पकडून परळच्या टाटा रुग्णालयात जाणाऱ्या माणसाला या अंतराचा अर्थ समजावून सांगायला नको. दुखण्याने अर्धा आणि प्रवासाने अर्धा, असा तो थकलेला असतो.

थंडाव्याचा प्रश्न मी दुय्यम मानतो. फायझरची कोविड लस उणे ६० अंशांहूनही थंड ठेवावी लागे. तरी वितळल्यावर ती साध्या शीतपेटीत महिनाभर टिकते असे आढळले आणि दुकानांनी ती व्यवस्थित हाताळली. स्नायूत सुई टोचणे हेही अवघड नाही. खरी अडचण दुकान या शब्दातच दडलेली आहे.

दुकानात असतो तो माल. एक बाटली फुटली तर दुसरी काढून द्यावी. नुकसान पैशाचे, आणि ते भरून येते. ही कुपी मात्र माल नाही, ती ठेव आहे. शेजारीण परगावी जाताना आईजवळ दागिन्यांचा डबा ठेवून जाई, तेव्हा आईची झोप हलकी होत असे. डब्याची किंमत तिला माहीत नसे. तो दुसऱ्याचा आहे, एवढेच पुरे होते. २०१० साली अमेरिकेत मान्य झालेल्या प्रोव्हेंज या उपचारात रुग्णाच्याच रक्तातील पेशी कारखान्यात नेऊन परत आणतात आणि अठरा तासांच्या आत त्याला देतात. तेथे प्रत्येक हातबदलाच्या वेळी ओळख पटवली जाते. फ्लूच्या लशीसाठी रांग लागलेल्या दुकानात हे होईल काय?

होऊ शकेल, पण ठेव सांभाळणाऱ्याला सवड दिली तर. सप्टेंबर २०२३ मध्ये कॅन्सस सिटीच्या परिसरात सीव्हीएस या मोठ्या साखळीतील औषधविक्रेते कामावर आले नाहीत. माणसे अपुरी आणि औषधांच्या चिठ्ठ्या व लसी यांचा भार वाढता, ही त्यांची तक्रार होती. हा आळस नव्हे. चूक होईल या भीतीने ज्याचा हात थरथरतो, त्याच्या सद्सद्विवेकाची ती साक्ष होती, असे मी म्हणेन. अशा माणसाच्या हाती आणखी एक जोखीम देऊन मालकाने नफा मोजावा, हे अन्यायाचे आहे.

पोप पायस अकरावे यांनी १९३१ साली आपल्या परिपत्रकात मांडलेले एक तत्त्व येथे आठवते: लहान संस्थेला जे साधते ते मोठ्या संस्थेने आपल्याकडे ओढू नये. या न्यायाने दुकानाचा अधिकार मान्य करावा लागतो. मात्र त्या तत्त्वाची दुसरी बाजू आपण सोयीस्करपणे विसरतो. लहानाला पाठबळ देणे हे मोठ्याचे कर्तव्यच आहे. पेम्ब्रोलिझुमॅबने थायरॉईड, फुफ्फुस, यकृत यांना दाह होऊ शकतो. आजची मात्रा द्यावी की थांबावे, हे कर्करोगतज्ज्ञच ठरवू जाणे. रुग्णालयाने कुपी पाठवून हात झटकले, तर जवळ आलेली सोय म्हणजे केवळ जबाबदारीची ढकलाढकल ठरेल.

आजवर हा प्रश्न टळला, कारण ते औषध शिरेतून देण्यासाठी रुग्णाला रुग्णालयात यावेच लागे, आणि लसही तेथेच घेता येई. सप्टेंबर २०२५ मध्ये त्याच औषधाच्या त्वचेखाली टोचण्याच्या, एकदोन मिनिटांच्या प्रकाराला अमेरिकेत मान्यता मिळाली. दुकानाची वाट त्यामुळे थोडी मोकळी झाली आहे. माझे मत विचाराल तर, सुरुवात दूरच्या गावांतून व्हावी, जेथे औषधविक्रेता गिऱ्हाइकाला नावाने ओळखतो. शहरातल्या गर्दीच्या दुकानांनी थांबावे. आणि एका रात्री वीज जाऊन कुपी बिघडली, तर नवी तयार होण्यास काही आठवडे लागतील हा निरोप त्या रुग्णाला कोणी, केव्हा आणि कोणत्या तोंडाने द्यायचा, हे पहिली कुपी दुकानात येण्यापूर्वीच लिहून ठेवलेले असावे.