अवधाणाचा पत्ता

पायात काटा मोडून जखम चिघळली, की जांघेत अवधाण येतं. हाताला लागलं तर गाठ काखेत धरते. मराठवाड्यातल्या कुठल्याही आजीला हे ठाऊक असतं. अंगाच्या ज्या भागाला इजा, त्याचा रस ठरलेल्या गाठीकडेच जातो, हे तिनं डोळ्यांनी पाहिलेलं असतं. कर्करोगाच्या शस्त्रक्रियेला मात्र या साध्या गोष्टीपर्यंत यायला फार वेळ लागला.

१८९४ साली अमेरिकेतल्या विल्यम हॉल्स्टेड यांनी स्तनाच्या कर्करोगावरची आपली शस्त्रक्रिया मांडली. स्तन, त्याखालचे छातीचे स्नायू आणि काखेतल्या सगळ्या गाठी एकदम काढायच्या. रोग पायरीपायरीनं पसरतो, तर आपण त्याच्याही पुढे जाऊन कापावं, हा विचार. त्या काळी बायका येत त्याच मुळी मोठमोठ्या गाठी घेऊन, त्यामुळे हॉल्स्टेड यांना दोष देववत नाही. पुढे १९७१ पासून बर्नार्ड फिशर यांनी केलेल्या चाचणीत दिसलं, की एवढं कापून आयुष्य काही वाढत नाही. स्नायू वाचले. काख तशीच उपसली जात राहिली.

काखेत साधारण वीस-तीस लसिका ग्रंथी असतात. त्या काढल्या की हातातल्या रसाची वाट मोडते आणि पाचांतल्या एखादीचा हात कायमचा सुजतो. जिचं सगळं आयुष्य खुरपं धरण्यात आणि कापूस वेचण्यात जायचं, तिला जड झालेला हात म्हणजे काय, हे वेगळं सांगायला नको. त्यात तपासणीत त्या गाठी निरोगी निघाल्या, तर तो हात कशासाठी गेला? मला हा प्रश्न या साऱ्या इतिहासातला सगळ्यांत महत्त्वाचा वाटतो.

उत्तराची सुरुवात झाली ती वेगळ्याच अवयवापासून. १९७७ मध्ये पराग्वेचे रॅमन कबानास यांनी शिश्नाच्या कर्करोगात दाखवलं, की रस आधी एका ठरावीक गाठीत उतरतो. ती पहारेकरी गाठ. १९९२ मध्ये डोनाल्ड मॉर्टन यांनी त्वचेच्या कर्करोगात निळा रंग टोचून ती शोधली, १९९४ मध्ये आर्मांडो जुलिआनो यांनी स्तनाच्या. रंग टोचायचा, पाचेक मिनिटं चोळायचं, काखेत छोटा छेद घ्यायचा आणि निळ्या धाग्यासारख्या नळीचा माग काढत पहिल्या निळ्या गाठीशी पोचायचं. ती निरोगी असेल तर बाकीच्यांना हात लावायचा नाही.

ही गाठ शोधायची दुसरी रीत किरणोत्सारी द्रव्य टोचण्याची, पण ते द्रव्य आणि ते हुडकणारं यंत्र महाग. मिथिलीन ब्लू हा निळा रंग मात्र स्वस्त. १८७६ साली तो कापडाचा रंग म्हणूनच तयार झाला होता. मुंबईच्या टाटा रुग्णालयानं, यंत्र नसलेल्या ठिकाणीही चालेल अशी काखेच्या खालच्या भागातल्या मोजक्याच गाठी काढण्याची पद्धत पहारेकरी गाठीच्या पद्धतीशी ताडून पाहिली.

आपल्या छत्रपती संभाजीनगरातलं शासकीय कर्करोग रुग्णालय २०१२ साली सुरू झालं. जालना, बीड, परभणीच्या बायकांना मुंबईची गाडी धरण्याआधी एक दार मिळालं. पण काखेतली गाठ हाताला लागण्याइतकी वाढल्यावर, तिच्यात कर्करोग उतरल्यावर आलेल्या बाईला या रंगाचा बहुधा उपयोग नसतो. दुखत नाही म्हणून वर्षभर अंगावर काढलेली गाठ तिची काखही घेऊन जाते.

जी वेळेत येते, तिला आदल्या दिवशी एवढंच सांगून ठेवावं लागतं, की बाई, उद्या लघवी हिरवी-निळी होईल, घाबरू नका.