मागून आणलेली कुऱ्हाड आणि मागून आणलेला पंप

(पाठ : २ राजे ६:१–७, निर्गम २२:१४)



अलीशा संदेष्ट्याच्या शिष्यांस राहावयास जागा अपुरी पडूं लागली, तेव्हां ते यार्देनेच्या तीरीं लांकडें तोडावयास गेले. तेथें एकाच्या कुऱ्हाडीचें पातें निसटून पाण्यांत पडलें व तो आक्रोश करूं लागला. आपलें काम अडलें म्हणून तो रडला नाहीं; कुऱ्हाड दुसऱ्याची मागून आणलेली आहे, हेंच त्याच्या मुखांतून निघालें. लोखंड पाण्यावर तरंगलें ही गोष्ट आपण मुलांस नेहमीं सांगतों. मला मात्र त्या गरीब शिष्याचा आक्रोशच अधिक विचार करण्याजोगा वाटतो.

साखरखेर्ड्याच्या शिवारांत ज्याची दोनतीन एकर कोरडवाहू जमीन आहे, त्यास कुऱ्हाडीच्या जागीं फवारणीचा पंप समजावा. कपाशीवर मावा व तुडतुडे आज दिसले तर पंप आजच पाहिजे. प्रत्येकास तो विकत घेणें परवडत नाहीं, म्हणून शेतकऱ्यांचे गट एकत्र येऊन औजारांची बँक चालवितात. सन २०१८ मध्यें सुरू झालेल्या नानाजी देशमुख कृषि संजीवनी प्रकल्पांत बुलढाणा जिल्हाही होता, आणि अशा बँकांस त्यांतून साहाय्य मिळे.

पुढें २०२० सालीं कोरोनाची महामारी आली. २५ मार्चपासून सर्व देशांत टाळेबंदी झाली. दोनच दिवसांनीं, २७ मार्च रोजीं, केंद्र सरकारनें शेतीचीं कामें व औजारें भाड्यानें देणारीं केंद्रें यांस त्या बंदींतून मोकळें केलें. कायद्याची अडचण दूर झाली, पण भीति दूर झाली नाहीं. ज्या मुठीस दहा घरांचे हात लागतात ती आपल्या घरीं कशी आणावी, व खोकणाऱ्याच्या घरीं पंप कसा द्यावा, हा प्रश्न खराच होता. त्याच मे महिन्यांत अमरावती व नागपूर जिल्ह्यांत टोळधाड उतरली. ट्रॅक्टरवरील मोठे पंप व अग्निशामक बंब आणून फवारणी करावी लागली. अशा संकटांत एकट्याच्या पंपानें काय होणार !

अशा वेळीं देणाऱ्यानें सरळ नाहीं म्हणावें काय ? माझ्या मतें नाहीं. ज्या घरीं रोगी आहे त्या घरीं पंप न जावो, पण गटांतील एखाद्या निरोगी भावानें त्याच्या शेतांत फवारून द्यावें. त्या विषाणूचें वेष्टन चरबीचें असतें व तें साबणानें फुटतें, म्हणून मूठ, पट्टे व झांकण साबणाच्या पाण्यानें धुतलें कीं दुसऱ्याच्या हातीं देण्यास हरकत नसे. एवढ्या अल्प श्रमासाठीं शेजाऱ्याचें पीक किडीस द्यावयाचें, हें कोणत्या प्रीतींत बसतें ?

आतां मागणाऱ्याविषयीं. येथें मला अधिक बोलावयाचें आहे, कारण महामारीचे निर्बंध २०२२ सालीं उठले, पण हा दोष अजून आपणांत आहे. पंपांत टू-फोर-डी नांवाचें तणनाशक घालून कोणी बांध फवारतो, आणि टांकी नुसती उपडी करून पंप परत ठेवितो. दुसऱ्या दिवशीं दुसरा भाऊ त्यांतच किडीचें औषध घालून कपाशी फवारतो. कपाशी त्या तणनाशकास फार नाजूक आहे. तळाशीं राहिलेला अंशही तिला बाधतो. पानें अरुंद व बोटांसारखीं लांबट होतात, वाढ खुंटते. तो बिचारा बियाणें विकणाऱ्यास दोष देतो, पावसास दोष देतो. दोष कोणाचा हें एकासच ठाऊक असतें, आणि तो गप्प बसतो.

मोशेच्या नियमशास्त्रांत, मागून आणलेलें जनावर धनी जवळ नसतां दुखावलें किंवा मेलें, तर नेणाऱ्यानें भरून द्यावें असें सांगितलें आहे. तेथें निदान जनावर डोळ्यांसमोर पडलेलें असतें. येथें पंप धडधाकट दिसतो व हानि दुसऱ्याच्या शेतांत आठ दिवसांनीं उगवते. म्हणून, माझ्या भावांनो, आपल्याकडून असें झालें असेल तर त्या घरीं जाऊन सांगा. लाज वाटेल खरी. परंतु त्या शिष्यानें आपल्या गुरूसमोर मोठ्यानें सांगितलें म्हणूनच पातें शोधलें गेलें. तो मुकाट्यानें घरीं गेला असता तर तें यार्देनेच्या तळाशींच राहतें.

पंपाबरोबर हातमोजे व चष्माही मागून न्यावेत, व तेही धुऊन परत द्यावेत. सन २०१७ मध्यें यवतमाळ जिल्ह्यांत फवारणी करितां करितां विषबाधा होऊन विसांहून अधिक माणसें मेलीं, हें विसरूं नका. तोंडावरील मुखवटा मात्र ज्याचा त्यानें वापरावा. नळीचें तोंड तुंबलें तर तें तोंडानें फुंकूं नये. टांकी निदान तीन वेळां विसळावी, आणि तें पाणी विहिरींत किंवा ओढ्यांत जाऊं देऊं नये. तणनाशकाचा पंप शक्यतों निराळाच ठेवावा. त्यावर लाल पट्टा ओढावा, म्हणजे वाचतां न येणाऱ्यासही कळेल. इतर पंप परत देतांना शेवटीं कोणतें औषध घातलें होतें तें बँकेच्या वहींत लिहावें. आणि ज्यांस लिहितां येत नाहीं त्यांजसाठीं उपदेशक बंधूंनीं तें लिहून द्यावें.